तत्त्व चिरंजीवांचं, प्रिंटर आईचा

प्रिंटर आईचा, संगणक आईचा, ज्या टेबलावर हा सगळा पसारा मांडला होता ते टेबलही आईचंच. तत्त्व तेवढं चिरंजीवांचं! आणि त्या तत्त्वापायी सकाळपासून एक कागद छापून बाहेर पडेल तर शपथ.

आई पूर्वी एका कचेरीत टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर तिने एक काम धरलं. जवळच्या शाळेत नजर अधू असलेली मुलं होती, त्यांच्या पुस्तकातली पानं ती पुन्हा टाइप करायची. अंगठ्याएवढं अक्षर, ओळींमध्ये भरपूर जागा, आणि डोळ्यांवर चकाकणार नाही असा जाड, पिवळसर कागद. दुकानात जाऊन छापावं, तर तो कागद यंत्रात अडकतो म्हणून दुकानदार हातच लावायचा नाही. एकदा घाई झाली म्हणून शाळेने पुस्तकाचीच पानं मोठी करून पांढऱ्या कागदावर काढली होती. एका मुलीने कागद नाकाला लावला आणि म्हणाली, "बाई, अक्षरं सुजलीत." ते ऐकल्यापासून आईने ठरवलं होतं, आपण जिवंत आहोत तोवर या पोरांच्या हातात सुजलेलं अक्षर पडू द्यायचं नाही.

परीक्षा तोंडावर आली होती. भूगोलाचे शेवटचे दोन धडे उद्या दुपारपर्यंत शाळेत पोचायला हवे होते. मुख्याध्यापिका बोलायला गोड, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नाही जमलं तर तसं कळवा, मी मोठे करून घेते." म्हणजे पुन्हा तीच सूज. धडे टाइप होऊन तयार होते. छपाईपाशी घोडं अडलं होतं.

आता हे घोडं अडलं कसं, तेही ऐकून घ्या. आईच्या संगणकावर आधी एका बड्या कंपनीची सिस्टीम होती. वर्षानुवर्षं नीट चालली. मग एके दिवशी पडद्यावर फर्मान आलं, की तुमचा संगणक आता जुना झाला, नवीन सिस्टीम याच्यावर चालणार नाही, नवा घ्या. का? चालत होता की! पंखा फिरत होता, कळा दाबल्या जात होत्या, पडद्यावर डाग नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. तुमची सिस्टीम फुगली तर त्यात माझ्या संगणकाचा काय दोष? आईला इतका संताप आला की तिने त्या पाटीला उद्देशून दोन शब्द सुनावलेसुद्धा.

चिरंजीवांना आनंद झाला. ते लिनक्सवाले. लिनक्स म्हणजे कुणा एका मालकाची नसलेली, सगळ्यांना फुकट मिळणारी सिस्टीम. तिचे म्हणे शेकडो प्रकार, आणि त्यातला सगळ्यात अवघड जो, तो चिरंजीवांचा आवडता. त्यांचं एक मंडळही होतं. "आई, मी तुला स्वातंत्र्य देतो," असं म्हणून त्यांनी एका रविवारी संगणक पुसून लख्ख केला आणि आपली आवडती सिस्टीम बसवली. आईला कौतुक वाटलं. पोटचं पोर आपल्यासाठी दिवसभर मान मोडून बसलंय, कुणाला नाही वाटणार?

दुसऱ्या दिवशी तिने संगणक लावला तर काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक बारकी रेघ उघडझाप करतेय. बटण नाही, चित्र नाही, माउसचा बाण नाही. माउस म्हणजे कुबडी, असं चिरंजीवांचं मत होतं. कुबडी म्हणे! ज्याचा पाय धड आहे त्याला सुचतात असल्या गोष्टी. आईने विचारलं, "अरे, माझे कागद कुठे गेले?" तर म्हणाले, "त्यात सगळं लिहिलंय, वाच." काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. वाच. आणि वाचायला जावं तर पहिल्या ओळीपासून असे शब्द, जणू वाचणाऱ्याला ते आईच्या पोटातूनच येत असावेत. तरीही बाईने नेट लावला, टाइप करण्यापुरतं शिकून घेतलं. पण भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ना, तसं त्या स्वातंत्र्याचं झालं होतं.

आणि मग आज सकाळी प्रिंटर. चिरंजीव मंडळाच्या मेळाव्याला निघाले होते, पायात बूट घालत होते.

"तो प्रिंटर चालायला कंपनीच्या प्रोग्रॅमचा एक तुकडा बसवावा लागतो, आई. बंद तुकडा. त्याच्या आत काय आहे ते कुणाला बघता येत नाही. मी नाही बसवणार."

"अरे, पण मग छापू कशी?"

"कोणते प्रिंटर तत्त्वात बसतात ते मंडळाच्या पानावर दिलंय. वाच. उद्या संध्याकाळी येतो."

गेले! आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तत्त्वात बसणारा प्रिंटर! तिचा प्रिंटर तिच्या टेबलावर बसत होता, तेवढं तिला पुरे होतं. दोनदा फोन हातात घेऊन तिने खाली ठेवला. मग तिने जिना उतरून खालच्या मजल्यावरचं दार वाजवलं.

खाली वन्सं राहायच्या. आईच्या यजमानांची धाकटी बहीण. त्यांचं पुढच्या खोलीत पार्लर होतं. एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून त्यांनी तिला खुर्चीत बसवून ठेवलं होतं, आणि स्वतः संगणकावर दुसऱ्या दिवशीच्या वेळा लावत होत्या.

"वन्सं, तुमचाही जुनाच ना हो हा? तुम्हाला नाही आलं ते फर्मान?"

"आलं की. मी म्हटलं, गेलास उडत. लिनक्स घातलं."

आई दचकली. "तुम्ही? लिनक्स?"

"तुझ्या लेकाचं नव्हे गं बाई! ते सोपं असतं ना, ते. मला एका गिऱ्हाइकाने दिलं, तिला तिच्या दिराने. त्याला कुणी दिलं देव जाणे. समोरच्या चष्मेवाल्याकडे मी दिलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काल नेलं. आता विजेचं काम करणारा मागतोय."

"मला कळेल?"

"मला कळलं," वन्सं म्हणाल्या, आणि डोक्याला रंग लावलेली बाई खुर्चीतूनच म्हणाली, "मलापण कळलं हो."

वन्सं पेनड्राइव्ह घेऊन वर आल्या. आईने त्यांना दारातच थांबवलं. लेकाने दिवसभर खपून केलेलं सगळं पुसलं जाईल, तो येऊन काय म्हणेल? वन्सं म्हणाल्या, "काही पुसत नाही. आधी नुसतं चालवून बघायचं. आवडलं तर ठेवायचं, नाहीतर काढून घ्यायचं, तुझं सगळं जागच्या जागी. साडी अंगावर लावून बघतो की नाही दुकानात?"

पडदा उजळला. डाव्या कोपऱ्यात खाली बटण. माउसचा बाण हजर. एक खिडकी उघडली, तीही आईच्या भाषेत. नमस्कार म्हणाली, नवीन असाल तर इथून सुरुवात करा म्हणाली. आईने नकळत पदर सारखा केला. इतक्या दिवसांत या टेबलावर तिला कुणी नमस्कार घातला नव्हता!

तिने टाइप केलेले धडेही त्यात उघडले. मग प्रिंटरची तार जोडली. क्षणभर काहीच नाही. आणि मग कोपऱ्यात एक चिठ्ठी आली, प्रिंटर सापडला. पूर्ण चालण्यासाठी कंपनीचा तुकडा लागेल, तो खुला नाही, तरी बसवायचा का? खाली हो आणि नाही. बस्स, एवढंच. लपवाछपवी नाही, प्रवचन नाही. तुझी वस्तू, तूच ठरव.

आईने हो दाबलं आणि धडा छापायला दिला. प्रिंटर खोकला, घरघरला आणि पिवळसर कागद बाहेर आला. नद्या आणि त्यांची खोरी. अंगठ्याएवढं अक्षर, काळंभोर, कुठे सूज नाही. आई मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

"अगं, छापलंय ना! आता रडतेस कशाला?"

"वन्सं, मला वाटलं होतं मीच मठ्ठ आहे हो. म्हातारी झाले, डोकं चालत नाही. मी महिनाभर रोज रात्री स्वतःलाच शिव्या दिल्या."

वन्संनी दुसरा कागद यंत्रात सरळ करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत दोन्ही धडे शाळेत पोचले. सोपं लिनक्स आईने ठेवून घेतलं, कायमचं. चिरंजीवांच्या सिस्टीमलाही एका बाजूला जागा राहू दिली. पुसायचं का असं त्या नव्या सिस्टीमने विचारलं होतं, आईनेच नाही म्हटलं. मेहनतीची तिला किंमत होती.

संध्याकाळी चिरंजीव आले ते पाय आपटत. बरोबर मंडळातला मित्र, सगळे त्याला दाढी म्हणायचे. मेळाव्यात भलतंच झालं होतं. मोठ्या सभागृहात चिरंजीवांचं व्याख्यान, समोर खुर्च्याच खुर्च्या. आणि शेजारच्या बारक्या खोलीत कुणी एक शाळेतली कारकून बाई सोपं लिनक्स बसवून देत होती, तिथे जिन्यापर्यंत रांग.

"कानामागून आली आणि तिखट झाली!" चिरंजीव गरजले. "बालवाडी आहे ती! लोकांना आयतं हवं. बटणं हवीत, रंगीत चित्रं हवीत. कष्ट नकोत कुणाला. अशानेच दर्जा घसरतो. मी पत्रक काढणार आहे, आजच्या आज... आई, हे काय आहे?"

पडद्यावर डाव्या कोपऱ्यात खाली बटण दिसत होतं.

"बालवाडी," आई म्हणाली.

चिरंजीव लाल झाले. "मला न विचारता? तुझ्यासाठी मी एवढं केलं, पालथ्या घड्यावर पाणी! तो बंद तुकडा घातलास ना? आत काय चाललंय ते तुला कधीच कळणार नाही."

"नको कळू दे! तुझ्या त्या काळ्या पडद्यात तरी मला कुठे कळत होतं?" आई उभी राहिली. इतक्या दिवसांचा साठलेला आवाज आता तिच्या ताब्यात राहिला नाही. "ती कंपनी म्हणाली, तुझा संगणक भंगार. तू म्हणालास, तुझा प्रिंटर अपवित्र. दोघांनी मिळून मला माझ्याच टेबलावरून उठवलं! कंपनी परकी आहे, तिच्याकडून मी काय अपेक्षा करणार? पण तू? कष्ट नकोत म्हणे लोकांना! अरे, ती रांगेत उभी होती ती माणसं दिवसभर कष्ट करूनच आली होती. कुणी केस कापून, कुणी दात काढून, कुणी तारा ओढून. त्यांना त्यांचं काम करायचंय रे, तुझी परीक्षा द्यायची नाही. त्यांना कुणीतरी आधी नमस्कार केला, म्हणून गेली ती तिकडे. तुझ्या खुर्च्या का रिकाम्या राहिल्या ते शोधायला पत्रक कशाला काढतोस? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

दाढीने एकदा दाराकडे बघितलं, एकदा पडद्याकडे.

"काकू," तो हळूच म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू... तो पेनड्राइव्ह मिळेल का? बाबांसाठी. मी त्यांना आपलं ते बसवून दिलं होतं. तेव्हापासून त्यांनी संगणक उघडलाच नाही. मला म्हणतात, आता वाचायचा कंटाळा येतो."

"तूसुद्धा?" चिरंजीव म्हणाले.

"वन्संना सांगते, देतील. पण एक कर," आई म्हणाली, "तू बसवून देऊ नकोस. त्यांच्या हाताने बसवू दे. तू नुसता शेजारी बस."

दाढीने मान हलवली आणि तो खाली वन्संकडे गेला. चिरंजीव टेबलाशी उभे राहिले. टेबलावर भूगोलाचं एक जास्तीचं पान पडलं होतं, ते उचलून त्यांनी वाचलं. एवढ्या मोठ्या अक्षराला वाचायला किती वेळ लागणार? तरी बराच वेळ ते पान हातातच राहिलं.

"शाळेचं अडलं होतं तर फोन करायचास," ते म्हणाले. आवाज खाली आला होता, पण तक्रार अजून होती. "मी तिथून सांगितलं असतं काय करायचं ते. मला का नाही विचारलंस?"

"भीती वाटली," आई म्हणाली.

"कसली?"

"तुझी. काही विचारलं की तू जसं तोंड करून बघतोस ना, त्याची. पोटच्या पोराला प्रश्न विचारायची भीती वाटते रे मला."

आईने चिरंजीवांच्या हातातून पान काढून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि सोमवारचा गणिताचा धडा उघडला.