टोपडं

विनिताने कढलीत तेल तापवलं, लसणाच्या चार पाकळ्या टाकल्या आणि त्या काळ्या पडेपर्यंत ती गॅसपासून हलली नाही. मग वाटी आणि कापसाचा बोळा घेऊन बाहेरच्या खोलीत आली. सर्वेश दोन उशांना पाठ टेकून बसला होता. डोक्याभोवती, दोन्ही कानांवरून पांढरी जाड पट्टी. वाटी बघताच तो भिंतीकडे सरकला.

"आई, तेल नको. कोरडं ठेवायला सांगितलंय."

"ते सांगणारच. दोन थेंब सोडते, पू सुकून जाईल. तुझ्या बाबांचा असाच सुकवलेला."

पू नव्हताच. तीन दिवसांपूर्वी सर्वेशने बाहेर आलेले कान कापून, शिवून मागे बसवून घेतले होते. डोंबिवलीत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून मुद्दाम कल्याणचा दवाखाना गाठला होता. घरी सांगितलं, कानात पू झालाय, साफ केला. वागळे इस्टेटच्या कंपनीत सांगितलं, जिन्यावरून पडलो. एकोणतीस वर्षांचा मशीनवर उभा राहणारा बाप्या कानांसाठी ऑपरेशन करतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्यात चुलतभाऊ बंटी त्याच कंपनीत दुसऱ्या शिफ्टला. घरात बोललेलं सोमवारी डब्याच्या सुट्टीत कंपनीभर पोचलंच म्हणून समजा.

शाळेत तो सुपड्या होता, कंपनीत डिश अँटेना. एकदा तिथल्या काळुरामने जेवणाच्या सुट्टीत त्याच्या कानामागे पेन्सिल, पाना आणि गेटपास असं सगळं एकदम अडकवलं होतं. आणि या शहाण्याने काय करावं? हसत हसत फोटो काढू दिला. तो फोटो अजून कंपनीच्या ग्रुपवर होता. काळुरामचा त्याला तितका राग नव्हता, जितका त्या फोटोतल्या स्वतःच्या हसण्याचा होता.

आता सकाळपासून डावा कान ठणकत होता. उजवा नुसता दुखत होता, गोळी घेतली की गप्प बसत होता. डाव्याचं तसं नव्हतं. आत कोणी फुगा फुगवत असावं तसा तो ताणत चालला होता. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: कुशीवर झोपायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोक्यातून घालायचे कपडे नकोत, आणि एकाच बाजूचं दुखणं वाढलं तर फोन करून लगेच यायचं. फोन करायचा तर आईसमोर. जायचं तर आई सोबत येणार. म्हणून तो सकाळपासून दात आवळून बसला होता.

विनिताने त्याची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने डावीकडची पट्टी जराशी उचलली आणि थांबली. कानात काहीच नव्हतं. टाके मागच्या बाजूला होते, वरपासून खालपर्यंत, आणि त्यांच्याभोवती कान वांग्यासारखा जांभळा होऊन टरारला होता.

 सर्वेशने डोळे मिटून घेतले. आता ती हसेल, नाहीतर कपाळाला हात लावेल. दोन्हींतलं काय सोसेल हे त्याला ठरवता येईना.

"हेच दुखतंय ना? डावीकडचंच?" तिने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

तिने वाटी खाली ठेवली, पट्टी पुन्हा नीट बसवली आणि साडी बदलायला आत गेली.

दोघं रिक्षाने कल्याणला निघाले. पत्रीपुलावर रिक्षा अडकली तेव्हा सर्वेश खड्ड्याच्या धास्तीने दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. शेजारच्या स्कूटरवरची शाळकरी पोरगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. विनिताने आपला पदर सोडवून त्या बाजूला आडवा धरला, आणि रिक्षा सुटेपर्यंत धरूनच ठेवला.

दवाखान्यात त्याला आत घेतलं. कातडीखाली रक्त साठलं होतं. डॉक्टरांनी ते काढलं, अजून उशीर केला असता तर कानाचा आकार बिघडला असता असं सुनावलं आणि कापसाचा दाब देऊन वरून पट्टा बांधला. हा पट्टा सैल झाला तर घरी पुन्हा आवळा म्हणाले. ठणका उतरला तसा सर्वेश बाहेर आला. विनिता बाकावर नव्हती. समोरच्या भिंतीवर एक फलक होता. त्यावर तान्ह्या बाळाच्या कानाला चिकटपट्टी लावलेलं चित्र, खाली चार ओळी. विनिता चष्मा लावून त्या वाचत होती.

त्यातला मजकूर सर्वेशला पाठ होता. पहिल्या भेटीत डॉक्टर तेच म्हणाले होते. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत कान मऊ असतात, तेव्हा नुसत्या पट्टीने वळवता येतात. ऐकल्यापासून ते वाक्य त्याने खिशात दगड ठेवावा तसं जपून ठेवलं होतं. आईने कधी त्याच्या ऑपरेशनवर तोंड वाकडं केलं, तर मारायला.

परतीच्या रिक्षात विनिता रस्त्याकडे बघत म्हणाली, "तू झालास तेव्हा तुझी आजी दहा दिवस होती, रोज कान दाबायची. नंतर मला सांगून गेली, दाबत जा, टोपडं घट्ट बांधत जा."



"सगळे म्हणतात, कंपनीत कामावर जायच्या घाईत हिने पोराकडे बघितलं नाही. तसं नव्हतं. मी बसायचे रोज दाबायला. दाबलं की तू रडायचास, निळा पडेपर्यंत. मग मी सोडून द्यायचे." तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. "एवढंच. कोणाला सांगितलं नाही मी. काय सांगणार?"

सर्वेशला आठवलं, आठवीत असताना एकदा तो तिच्यावर ओरडला होता, तू माझे कान का नाही दाबलेस म्हणून. ती तेव्हा पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली होती.

घरी येऊन चहा झाला आणि शनिवारचा फोन आला. गावाहून दर शनिवारी यायचा, चुलत्याच्या मोबाइलवर, चेहरे दिसणारा. चुलता म्हणजे बंटीचा बाप. पडद्यावर आधी हौसाबाईचं कपाळ आलं, मग हळूहळू सगळी आजी.

"काय रे, कानाचं काय झालं तुझ्या?"

"पू झालेला, आई," विनिता घाईने म्हणाली. "साफ केला. बरा आहे आता."

"होणारच. मी तवाच सांगितलेलं, कानाकडे बघ म्हणून. हिला कंपनीची घाई. पोराचे कान सुपासारखे करून ठेवलेन, आता पू पण झाला. पगार पाहिजे होता ना."

विनिता चहाचे कप गोळा करू लागली. एकोणतीस वर्षं ती याच वाक्याला काहीतरी गोळा करत आली होती.

"आजी," सर्वेश म्हणाला. "पू नाही झाला. मी ऑपरेशन करून घेतलं. कान बाहेर होते, ते मागे घेतले."

"कशासाठी?"

"बरे दिसावेत म्हणून."

पडद्याबाहेरून चुलत्याचं हसू ऐकू आलं. "अरे, हिरो व्हायचंय काय? बायका करतात ती असली कामं."

सर्वेशच्या मानेपर्यंत रक्त चढलं. दोन्ही कान पट्टीखाली भाजल्यासारखे झाले. बंटी, काळुराम, डब्याची सुट्टी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"हो काका, तसलंच," तो म्हणाला. "आणि आजी, डॉक्टरांना मी विचारलं. दाबून काही होत नाही म्हणाले. पोटातूनच तसे येतात. आईने दिवसरात्र दाबले असते तरी असेच राहिले असते."

"डाक्टर म्हणाला असं?"

"डॉक्टर म्हणाले."

हौसाबाईने नुसतं तोंड हलवलं. मग काजूला मोहोर बरा आहे म्हणाली, आणि फोन चुलत्याकडे गेला.

फोन बंद झाला. विनिता हातात कप घेऊन तशीच उभी होती. सर्वेशने तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने कप खाली ठेवले, त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि पट्ट्याची गाठ चाचपली.

"सैल झालाय," ती म्हणाली.

झाला नव्हता. तिने गाठ सोडली, पट्टा कपाळावर नीट घेतला, दोन्ही कानांवर तळवे ठेवले आणि हळूहळू दाबत मागे ओढला. तान्ह्या पोराला टोपडं बांधावं तसा.

"दुखलं की सांग. सोडते."

दुखत होतं. सर्वेश समोरच्या भिंतीकडे बघत राहिला आणि काही बोलला नाही.