सुट्टीच्या दिवशी बरा होणारा पंप

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे आणि माझी प्रकृती ठणठणीत आहे. हे आधीच सांगतो, कारण मध्यंतरी साऱ्या गल्लीने मला आजारी ठरवले होते.

वितळलेल्या लोखंडातून माझे अंग घडले आणि दोन गल्ल्या मिळतात त्या कोपऱ्यावर मला उभे केले गेले. माझ्या पोटात चामड्याची एक वाटी वरखाली सरकते. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतले की ती फुगते, हवेची वाट बंद होते आणि जमिनीतले पाणी वर चढू लागते. खरे तर ते मी ओढत नाही, बाहेरची हवा ते ढकलते. आणि हवेच्या जोरालाही मर्यादा असते. पाणी फार खोल गेले, तर दांडा कितीही मारा, ते माझ्यापर्यंत पोचत नाही.

समोरच्या लाँड्रीवाल्या वहिनींचे दुकान माझ्यावरच चाले. "याच्या पाण्यात साबण कसा फेसाळतो बघा!" असे त्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत.

मग गावाच्या कडेला बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला. वहिनींच्या दिराला तिथे फिटरची नोकरी लागली. घरात आनंद झाला. पुढे काही महिन्यांत मी कोरडा पडलो.

भाऊजींना सवड मिळे ती कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशीच. ते पाना घेऊन येत, वाटी बदलत आणि दुपारी मी धो धो वाहू लागे. भाऊजी ऐटीत मिशीवरून हात फिरवीत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कोरडा!

"भाऊजी, तुमची दुरुस्ती म्हणजे एका दिवसाची पाहुणी आहे हो!"

"किती वाट्या बदलू, वहिनी? आता माझंच चामडं लावतो!"

शेवटी पाणीखात्याने मला उपटून तिथे पाण्याच्या बाटल्यांचा स्टॉल द्यायचे ठरवले. वहिनींचे तोंड उतरले. बाटलीतल्या पाण्याने कपडे कोण धुणार? दुकान बंदच करावे लागणार होते.

पुढच्या सुट्टीला भाऊजी तापाने फणफणले होते, त्यामुळे आले नाहीत. वहिनींनी सवयीने तांब्या ओतून दांडा मारला आणि मी भरभरून वाहू लागलो. ओल्या हातांनीच त्या घरात धावल्या.

"भाऊजी, तुम्ही हातही लावला नाहीत, तरी पंप बरा झाला!"

"मग इतके दिवस मी बरं कुणाला करत होतो?" भाऊजी हसले आणि हसता हसता ताडकन उठून बसले. जमिनीतले पाणी उपसणाऱ्या कारखान्याच्या बोअर आज सुट्टीमुळे बंद होत्या. काल त्यांनीच तर त्या बंद केल्या होत्या.

वहिनींच्याही ते लक्षात आले. "बोललात तर नोकरी जाईल," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि नाही बोललो तर तुमचं दुकान."

ताप उतरताच भाऊजी पाणीखात्याच्या इंजिनिअरबाईंकडे गेले. बाईंनी कारखान्याच्या बोअर बंद ठेवायला लावून माझ्या शेजारच्या विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजली. मग बोअर सुरू करून ती पुन्हा मोजली. पाणी खाली सरकलेले सगळ्यांनी पाहिले. कारखाना चालू राहिला, पण किती उपसायचे याची हद्द ठरली आणि मला उपटायचा बेत रद्द झाला. वेळ झाली की बोअर बंद करायचे काम आता भाऊजींकडेच आहे.

मित्रांनो, पंप कोरडा पडला तर त्याची वाटी जरूर तपासा; पण त्याच्या पायाखालचे पाणी कुठे चालले आहे, याचीही चौकशी करा. माझ्याकडे मात्र खुशाल या. फक्त बादली आधी ठेवा, मग दांडा मारा.