पिल्लांच्या दिवसांत बँड

"आपण जूनमध्ये करू," राईच्या पावाला लोणी लावत आयनार म्हणाला. "सात जूनला. महिन्याभराने काय बिघडतं?"

"लग्न सात मेला झालं होतं," हेर्डिस म्हणाली.

"शेडमधल्या माद्या बघ की. नर भेटतो मार्चमध्ये, पण गर्भ लगेच वाढवायला घेत नाहीत. दिवस मोठा होईपर्यंत आत नुसता थोपवून धरतात. त्यांना जमतं, मग तुला एक रौप्यमहोत्सव महिनाभर थोपवून धरता येत नाही?"

"मी मिंक नाही, आयनार."

आयनारने तिच्याकडे नीट पाहिले. हा मुद्दा त्याच्या लक्षातच आला नसावा. मग कॉफी संपवून तो शेडकडे निघून गेला.

पश्चिम जटलंडमध्ये रौप्यमहोत्सव म्हणजे घरगुती केक नव्हे. आदल्या संध्याकाळी शेजारी येऊन दाराला फरच्या फांद्यांची कमान बांधतात आणि सकाळी सातला बँड घेऊन अंगणात हजर होतात. जोडप्याने रात्रीच्या कपड्यांत, आत्ताच जाग आल्याचे सोंग करत दारात यायचे. हेर्डिसचे वडील गावच्या बँडमध्ये तीस वर्षे तुतारी वाजवत. आईशी लग्नाला पंचवीस वर्षे झाली त्या सकाळी ते बँडमधून पळत येऊन कमानीखाली उभे राहिले होते, आणि तुतारी हातात तशीच राहिली म्हणून नवऱ्याच्या जागी उभे राहूनही त्यांनी वाजवून घेतले होते. आई हसता हसता रडली होती. आपलेही असेच व्हावे, एवढीच हेर्डिसची हौस होती. आता वडील नव्हते, पण बँड होता.

आड आले ते मिंक. लग्नाच्या वेळी आयनार दुसऱ्याच्या गाई पिळत होता, तेव्हा मे महिना कोणाचाही होता. तीन वर्षांनी त्याने फरसाठी मिंक पाळायला घेतले आणि मे महिना त्यांचा झाला. मिंक म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचे, माशांवर वाढणारे, मुलखाचे संतापी जनावर. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात माद्या वितात. पिल्ले बोटाएवढी, उघडी, आंधळी. त्या दिवसांत कसला मोठा आवाज झाला की आई बिथरते, पिल्लू तोंडात धरून पिंजराभर फिरत राहते, कधी चावून टाकते. त्यामुळे ते तीन आठवडे गल्लीच्या तोंडापासून पोस्टमन मोपेड बंद करून ढकलत आणायचा. कुत्र्याची रवानगी बहिणीकडे व्हायची. हेर्डिस उशीत तोंड खुपसून शिंकायची. मेमध्ये इतके जपलेले नोव्हेंबरात कुठे जाते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यावर कोणी बोलत नसे.

बोलण्याच्या बाबतीत आयनार तसाही काटकसरी. कातडी हातात घ्यायचा, केसांत फुंकर मारायचा, खालची लव दाट दिसली की म्हणायचा, "वाईट नाही." याहून मोठी स्तुती त्याच्याकडे नव्हती. चर्चच्या दारात नवरीच्या झग्यातल्या हेर्डिसलाही त्याने हेच ऐकवले होते. फुंकर मारली नाही, एवढेच.

फेब्रुवारीत त्याने स्वयंपाकघरातला टेपरेकॉर्डर उचलून शेडमध्ये नेला.

"तो कशाला?"

"हवामान ऐकायला."

एकदा ती शेडकडे गेली तर आतून काहीतरी ऐकू आले. ती दारात पोचली तोच त्याने बटण दाबले.

"काय सांगतायत हवामानवाले?"

"वारा."

एप्रिलमध्ये शेजारीण गेर्डा बातमी घेऊन आली. "तुझा आयनार काल बँडवाल्या विलाड्सकडे तासभर बसला होता. आयनार! तासभर!"

"वाजवू नका म्हणून सांगायला गेला असेल."

"त्याला तास कशाला लागतो?"

"त्याला लागतो," हेर्डिस म्हणाली. त्या दिवशी तिने भांडी जरा जास्तच जोरात घासली. आवाज व्हावा म्हणून.

जूनचा विषय आयनारने पुन्हा काढला नाही. सहा मेला कमान उभी राहिली, खिळे न ठोकता, सुतळीने बांधून. हेर्डिसने सत्तर पाव भाजले. बँड मुका असला तरी पोटे येणारच होती. सकाळी सातला पडद्याआडून पाहिले तर खडी करकरू नये म्हणून अख्खी आळी गवतावरून, बूट हातात घेऊन येत होती. पितळी वाद्ये उन्हात चमकत होती. ती आयनारच्या शेजारी कमानीखाली उभी राहिली आणि तिने चेहऱ्यावर हसू आणले. सगळे चिडीचूप. आता हे सगळे नुसते वाजवल्यासारखे करणार, असे तिला वाटले.

"वाजवा," आयनार म्हणाला.

आणि बँड दणाणला. हेर्डिसने आयनारचा दंड घट्ट धरला. दोन ओळी गेल्यावर तिच्या लक्षात आले की हे नाताळचे स्तोत्र आहे.

सफरचंदाच्या झाडाला फुले आली होती, अंगणात ऊन पडले होते, आणि वीस माणसे बर्फाची नि गव्हाणीतल्या बाळाची गाणी गात होती, कारण त्या चालीला दुसरे शब्द कोणालाच येत नव्हते. गेर्डा तर डोळे मिटून गात होती.

"माझ्याकडे बघू नकोस," कडवे संपल्यावर विलाड्स म्हणाला. "याच्याकडे हीच टेप होती."

"कसली टेप?"

आयनारने पायांकडे पाहिले. "तुझ्या वडिलांची. चर्चमधल्या नाताळच्या कार्यक्रमाची. बँडची दुसरी घरात सापडली नाही. अकरा आठवडे रोज वाजवतोय. माद्यांच्या कानाला सवय झाली की बिथरत नाहीत. त्यांची लग्नंसुद्धा ह्यावरच लागलीयत. आता चाल बदलली तर पंचाईत होईल."

"पुढचं कडवं घेऊ का?" विलाड्सने विचारले.

"घ्या," म्हणून आयनार शेडकडे पळाला. हेर्डिस क्षणभर कमानीखाली एकटीच उभी राहिली. मग सपाता फटफटवत तीही मागोमाग गेली.

शेडमध्ये तो एका खोक्याला कान लावून वाकला होता. आत गवतात पिल्ले कुजबुजल्यासारखी चिवचिवत होती. पहिल्या पिंजऱ्यातल्या मादीने डोके बाहेर काढले, हेर्डिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, आणि जांभई देऊन आत गेली. बाहेर तुतारी वर चढली. वडील त्याच जागी दम लावायचे. अकरा आठवडे हे इथे वाजत होते, आणि ती भांडी घासत होती.

"एकही हलली नाही," आयनार खोक्याकडे बघतच म्हणाला. मग, "कसं झालं?"

हेर्डिसला पुष्कळ बोलायचे होते. पण समोरच्या माणसाला कोणती भाषा कळते हे पंचवीस वर्षांत तिला ठाऊक झाले होते.

"वाईट नाही," ती म्हणाली.

आयनारने मान हलवली आणि तो खोक्याचे झाकण लावायला लागला. रोज एका हाताने लागणारे झाकण त्या दिवशी बराच वेळ बसेना.