जिन्यातल्या पणत्या

आमच्या जिन्यात अकरा दारं आहेत, आणि गेली चौदा वर्षं दिवाळीत त्यांतल्या एकाही दाराशी पणती लागलेली नाही. याला कारण मी. मी शिंपीण आहे, माझ्या जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार आहे असं शेजारी मागून म्हणतात, आणि दर दिवाळीच्या आदल्या दिवशी मी उरलेली दहा दारं वाजवून सांगते, "विजेच्या माळा लावा, हव्या तेवढ्या लावा. पण ज्योत नको. माझी धाकटी याच जिन्यातून वर येते." लोक मान डोलावतात. कुणाला धाकटीची कीव येते, कुणाला माझी भीती वाटते. मला दोन्ही चालतं.

धाकटी म्हणजे माझी बहीण. आई गेल्यावर तिला मीच वाढवलं. ती नऊ वर्षांची होती, मी वीसची, शिवणाचा क्लास नुकताच संपलेला आणि अंगात नको तेवढा उत्साह. त्या दिवाळीला मी तिला चकचकीत कापडाचा फ्रॉक शिवला, फुग्याच्या बाह्यांचा. ती दाराशी पणती ठेवायला वाकली आणि डावी बाही पेटली. नायलॉनच ते. नुसतं जळलं नाही, वितळून कातडीला चिकटलं. मनगटापासून कोपरापर्यंत. कापड मी आणलं होतं, फ्रॉक मी शिवला होता आणि "जा, यंदा पणती तूच ठेव" हेही मीच म्हटलं होतं. यात देवाला किंवा नशिबाला बोल लावायला काही जागाच नव्हती.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर दूध-ताक दोन्ही घराबाहेर काढलं. विजेची शेगडी आणली. काडेपेटी घरात ठेवली नाही. धाकटीला फक्त सुती कपडे, आणि ते सगळे पूर्ण बाह्यांचे, म्हणजे तिचा हात कुणाला दिसायला नको. तिला काय हवं ते विचारत बसायला मला वेळ नव्हता.

यंदा मात्र गणित चुकलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी मी सात दारं वाजवून आले होते आणि जरा पाठ टेकावी म्हणत होते, तेवढ्यात धाकटी कामावरून आली. पर्स टेबलावर ठेवली नाही, आपटली.

"ताई, आपल्या जिन्यात पणत्या का नसतात?"

"लोकांना हौस नाही."

"घड्याळजी म्हणाले, तू नको म्हणतेस."

तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे राहतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. माणूस मितभाषी. चौदा वर्षं तोंड उघडलं नाही, आणि उघडलं ते नेमकं हिच्यापुढे.

"तुझ्यासाठीच ना गं," मी म्हटलं.

"माझ्यासाठी? मी चौदा वर्षं या लोकांना नावं ठेवतेय. किती रुक्ष माणसं, सणासुदीला साधी पणती लावत नाहीत. आणि ते बिचारे माझ्यासाठी अंधारात बसलेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ताई. काय समजत असतील ते मला?"

"काळजी करतात तुझी."

"मला काळजी नकोय. उद्या संध्याकाळी या जिन्यात अकरा पणत्या लागणार, आणि मी लावणार. आडवी आलीस तर पुढच्या महिन्यापासून मी मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. मी हे रागात बोलत नाहीये."

हे शेवटचं वाक्य तिने इतक्या शांतपणे म्हटलं की मला खरंच धडकी भरली. रागावलेल्या धाकटीला मी दोन मिनिटांत गुंडाळते. शांत धाकटी माझ्या ओळखीची नव्हती. तरी तोंडातून निघालं ते नेहमीचंच: "खुशाल जा." आणि मग रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. ही गेली तर मी कुणासाठी स्वयंपाक करायचा, कुणावर ओरडायचं?

दुसऱ्या दिवशी तिने पणत्या आणल्या, तेल आणलं, वाती आणल्या. काडेपेटीही आणली आणि माझ्या डोळ्यांदेखत शिलाई मशीनवर ठेवली. संध्याकाळी आंघोळ करून तिने मी शिवलेला नवा कुर्ता घातला. निळा, पूर्ण बाह्यांचा, मनगटाला बारीक चुण्या. दिसत होती छान, त्यात वाद नाही. ती ताट घेऊन निघाली आणि मी दारात उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

"सरक, ताई."

"नाही."

एवढ्यात घड्याळजी जिना उतरून आले. वरच्या वर परत जातील असं मला वाटलं, पण ते कठडा धरून तिथेच थांबले.

"आजोबा, तुम्हीच लावलीत ही काडी," मी म्हटलं. "आता तुम्हीच सांगा हिला. उजेडच हवा ना? बल्ब आहे की जिन्यात."

"बल्बला बटण असतं," ते म्हणाले. "उभ्या उभ्या लागतो. पणती लावायची तर माणसाला वाकावं लागतं. आमची ही म्हणायची, देवाला कशाला हवाय दिवा, त्याला सगळं दिसतंच. दिवा जिना चढून येणाऱ्या माणसासाठी. त्याच्यापुढे आपण एकदा वाकायचं, एवढीच दिवाळी."

"वाकली होती ती," मी म्हटलं. "काय झालं, सगळ्यांना माहीत आहे."

त्यांनी नजर माझ्यावरून काढून धाकटीच्या ताटाकडे वळवली. मला जिंकल्यासारखं वाटलं. मी धाकटीला म्हटलं, "हा कुर्ता शंभर टक्के सुती आहे, मी स्वतः पारखून आणलाय. तरीसुद्धा मी तुला ज्योतीपाशी जाऊ देणार नाही. मग कर काय करायचं ते."

धाकटीने चुण्यांवरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा बदलला. ताट खाली ठेवून ती आत वळली.

"कसा पारखलास?"

"बोटांनी. चौदा वर्षांच्या धंद्यात एवढं कळतं मला."

"धागा जाळून नाही बघितलास?"

शिंपी लोक तसंच करतात. कापडाचा खात्रीलायक पत्ता लागतो तो धागा जाळूनच. मी चौदा वर्षांत एकदाही जाळला नव्हता. तिने आतल्या शिवणीपाशी सुटलेल्या कापडाचा एक धागा कापला, चिमट्यात धरला आणि काडी ओढली. माझ्या घरात, माझ्यासमोर. मी पुढे झेपावणार होते, पण तिचा हात इतका स्थिर होता की माझे पायच हलले नाहीत. धागा आखडला, मागे सरकला आणि टोकाशी कडक काळा मणी झाला.

"मिक्स आहे, ताई. अर्ध्याच्या वर सिंथेटिक."

"तुला काय कळतंय?"

"मला नाही तर कुणाला कळणार? कापड तपासायच्या लॅबमध्ये मी दोन वर्षं काय करते असं वाटतं तुला?"

"कागद भरतेस."

"रोज तीस-चाळीस धागे जाळते. तू रात्रीची झोप घालवशील म्हणून सांगितलं नाही."

मी मशीनच्या स्टुलावर बसले. तो काळा मणी माझ्या पुढ्यात पडला होता. आगीला इतकी भ्याले, इतकी भ्याले की धागासुद्धा जाळला नाही, आणि त्या पायीच पुन्हा तसलंच कापड तिच्या अंगावर चढवलं. तेही त्याच सणाला. मला रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःचा संताप आला. घड्याळजी दारातून हळूच वर निघून गेले, हे मात्र त्यांनी चांगलं केलं.

"काढ तो कुर्ता," मी म्हटलं.

"ताई, मी लावणारच आहे."

"काढ म्हणते ना. घालायला दुसरा देते."

कपाटातून तिचा जुना पांढरा कुर्ता काढला. धुऊन धुऊन मऊ झालेला. शिवणीपाशी सुटलेल्या कापडाचा धागा कापला आणि हात पुढे केला. "काडेपेटी दे." पहिली काडी मोडली, दुसरी विझली. तिसरी पेटली तेव्हा धाकटीने माझं मनगट धरायला हात पुढे केला. मी तिला मागे सारलं. धागा पेटला, कागदासारखा वास आला आणि बोटांत चुरली तर नुसती करडी राख.

मग मी कात्री घेतली आणि त्या कुर्त्याच्या दोन्ही बाह्या खांद्यापाशी कापून टाकल्या. सैल बाही ज्योतीपाशी न्यायचीच कशाला? एवढी साधी गोष्ट मला चौदा वर्षांत सुचली नव्हती, कारण मला तो हात झाकायचा होता.

तिच्यापुढे मी खाली उतरले. पहिलं दार वाजवलं. तळमजल्यावरच्या काकू मला बघून घाईघाईने म्हणाल्या, "अगं, नाही लावली हं आम्ही, फक्त माळ आहे."

"लावा," मी म्हटलं. "धाकटी आणतेय पणती. बाहेर या सगळे."

दहा दारांशी ती दहा वेळा वाकली. मी मागे पाण्याची बादली घेऊन. एकदोघं हसले, त्यांना मी बघून घेईन. पहिल्या दाराशी मी बादली उचलून धरली, चौथ्याशीही उचलली, आठव्याशी उचलायची विसरले. कुणी तिच्या हाताबद्दल अवाक्षर काढलं नाही. काकूंनी तिची हनुवटी धरली, घड्याळजींनी आपल्या दाराशी उभं राहून हात जोडले, आणि ते तिला जोडले की पणतीला, मला कळलं नाही.

शेवटी, परत खाली उतरून, आमचं दार. ती वाकली, आणि खालच्या पणत्यांच्या उजेडात तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत मला स्वच्छ दिसला. सुरकुतलेली, गुळगुळीत कातडी.

"दुखतं का गं अजून?"

तिने वर पाहिलं. "नाही. दहा-बारा वर्षं झाली, दुखत नाही."

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस, ताई."

मी बादली खाली ठेवली. तिच्या हातातून काडेपेटी घेतली, तिच्या शेजारी वाकले आणि आमच्या दाराची पणती मी लावली.