मादी क्रमांक दोन

प्रेमानंदने शेळीचं तोंड दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि मोतीबाईने तिच्या पाठीवर चुन्याचा पहिला ठिपका दिला.

शेळीने मान सोडवून ठिपका चाटला.

"पुढून नको, मागून सुरू करा," प्रेमानंद म्हणाला. "तिथं तिची जीभ पोचणार न्हाई."

"तुमी नीट धरा. वनरक्षक हाय का नवरदेव, इतकं नाजूक धरून राहिले?"

डोंगरकडा गावाच्या पुढे, तांड्याच्या वरच्या माळावर, तारेच्या कुंपणाआड हा उद्योग चालला होता. फाटकावर पाटी अजून होती: 'हरीण पैदास केंद्र'. ज्या संस्थेने ती लावली, तिचे संचालक उद्घाटनाचा नारळ फोडून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. राखणीला ठेवलेली मोतीबाई तेवढी राहिली. पैदास झाली ती कागदांची. दर महिन्याला प्रेमानंद मोटारसायकलवर यायचा, हरणं मोजायचा आणि तीन प्रतींत अहवाल भरायचा. वजन, वय, आजार, नवी पाडसं. पाडसांपुढे 'निरंक' लिहायची त्याच्या हाताला इतकी सवय झाली होती, की मुलीच्या शाळेच्या अर्जात 'इतर अपत्ये' या शब्दांपुढेही त्याने निरंक लिहून टाकलं होतं. घरी आणखी दोन होती.

इथला नर आजारी पडला तेव्हा त्याला उपचारासाठी गाडीत घातलं होतं. तो वारंगा फाट्यापर्यंतही टिकला नाही. गाडीच्या धसक्यानेच गेला. मागच्या उन्हाळ्यात दोन माद्यांतली एक म्हातारपणाने गेली आणि सोनी एकटी उरली. नियम असा, की एकटं हरीण ठेवायचं नाही. गाडीत घालून दूरच्या मोठ्या केंद्रात पोचवायचं. त्या महिन्यात प्रेमानंदने मोतीबाईच्या बोडक्या शेळीकडे बराच वेळ पाहिलं आणि अहवालात 'मादी क्रमांक दोन, प्रकृती उत्तम' असं लिहिलं. त्यात खोटं एवढंच, की ती हरीण नव्हती.

आता हिंगोलीच्या वन कार्यालयात नव्या पल्लवी मॅडम आल्या होत्या. त्यांना पाळणाऱ्यांची आणि वनरक्षकांची दया आली. बारा अहवाल बंद. वर्षातून एक फोटो काढायचा. फोन आपणच प्राणी मोजणार आणि आकडा वर पाठवणार. पहिला फोटो त्या स्वतः काढायला येणार होत्या. आज.

"म्हंजे आता तुमी वर्सातून एकदाच येणार," मोतीबाई म्हणाली.

"व्हय. सुटलो. कंबर मोडली त्या रस्त्यानं."

"बरं झालं मग." तिने पुढचा ठिपका असा दाबून दिला, की शेळी ओरडली.

प्रेमानंद मागे सरून पाहू लागला. मोतीबाईची बोटं लहानपणापासून कशिदाकामाला वळलेली. ठिपके एका ओळीत, दोहोंत सारखं अंतर, आणि खांद्यावर एक फूल.

"मावशी, हे हरीण हाय का उशीचा अभ्रा?"

"वाकडंतिकडं मला जमत न्हाई."

खाली जीपचा आवाज आला.

पल्लवी मॅडम वयाने तरुण होत्या आणि खरोखर आनंदात होत्या. "आता कसलीच तकलीफ नाही बघा," असं म्हणत त्यांनी फोन उघडला. सोनी परकं माणूस बघून लिंबामागे गेली. शेळीला कुणाचीच भीती नव्हती. ती पुढे आली आणि तिने फोनचा वास घेतला.

'प्राणी: एक.'

"एकच?" मॅडम म्हणाल्या.

"दुसरी लाजाळू हाय," मोतीबाई म्हणाली.

"आणि ही?"

याचं उत्तर शेळीने दिलं, 'बें' करून.

मॅडमनी खांद्यावरच्या फुलावर बोट टेकवलं. मग स्वतःचं बोट पाहिलं. प्रेमानंदला शर्टावरची नावाची पट्टी एकदम जड वाटू लागली. नोकरी जाणार हे दिसतच होतं. पण डोळ्यांपुढे येत होती ती जाळी लावलेली गाडी.

"सोनी एकटी झाली तवा तिनं खाणं सोडलं होतं," मोतीबाई म्हणाली. आवाज चढा नव्हता. "हिला शेजारी बांधलं, तवा घास घेतला. गाडीत घातलं त मरंल ती. मी काय कोर्टात सांगून न्हाई राहिले, तुमाला सांगून राहिले."

मॅडमनी लिंबाकडे पाहिलं.

प्रेमानंदला दुसरं काही सुचलं नाही. त्याने खिशातून बाभळीच्या शेंगा काढल्या आणि कुंपणाच्या आत, मधोमध उकिडवा बसला. आधी लिंबामागून कान दिसले, मग सोनी. ती सरळ चालत आली आणि तिने त्याच्या तळहातात तोंड घातलं. शेळीही दुसऱ्या बाजूने घुसली.

"आता घ्या, मॅडम," तो मान वर न करता म्हणाला.

मॅडमनी फोन धरला. फोनने थोडा विचार केला.

'प्राणी: तीन.'

मॅडमनी फोन फिरवून दाखवला. एक हिरवी चौकट सोनीभोवती, एक शेळीभोवती आणि एक प्रेमानंदभोवती.

मोतीबाईने वाकून पाहिलं. "खाकी हाय ना. आन बसले बी तसेच."

"मी बाजूला होतो," प्रेमानंद म्हणाला आणि बसल्याबसल्या सरकला. सोनी त्याच्यासोबत सरकली. पुन्हा तीन.

"मॅडम, दुरुस्तीचा रकाना असंल ना?"

"होता. मीच काढला. सोपं करायचं होतं."

"आन कोणता प्राणी, ते?"

"तेही काढलं."

मॅडमनी रुमालाने बोटावरचा चुना सावकाश पुसला आणि 'पाठवा' दाबलं. इतक्या वर्षांत केंद्राची पैदास पहिल्यांदाच वाढली.

जीपजवळ जाऊन त्या थांबल्या. "पुढच्या वर्षी तीनच दिसले पाहिजेत. कमी दिसले तर चौकशी लागते."

"व्हय, मॅडम."

"आणि मध्येमध्ये येत जा. तिची सवय मोडली तर ती जवळ यायची नाही."

"किती येळा यावं?"

"ते तुम्ही ठरवा. त्याचा अहवाल लागणार नाही."

जीप उतारावरून खाली गेली. धूळ बसली.

"उठा आता," मोतीबाई म्हणाली. "गेल्या त्या."

शेंगा कधीच्या संपल्या होत्या. सोनी रिकामा तळहात चाटत होती.

"थांबा जरा," प्रेमानंद म्हणाला.

मोतीबाई आत गेली. चहा घेऊन आली आणि शेळीची मान पोचणार नाही एवढ्या अंतरावर, त्याच्या हाताशी, तिने कप जमिनीवर ठेवला.