दोन चॅपलांची एक मंडळी

रेव्हरंड शमुवेल हिवाळे जालन्याहून मँचेस्टरला आले तेव्हा त्यांच्याकडे मेथडिस्ट पंथाची तीन चॅपलं, म्हणजे लहान देवळं, सोपवली होती. त्यातल्या एकात पुढे कार्पेटचं दुकान झालं. दुसऱ्यात आता मुलं कमरेला दोर बांधून भिंत चढायला शिकतात. उरलं ते एका जुन्या गिरणगावातलं, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपवर उतरून पुढे बसने जावं लागे असं. रविवारी तिथे सहा जण यायचे. सगळ्यात तरुण होत्या त्या बहात्तर वर्षांच्या. छत तीन ठिकाणी गळत होतं आणि उपासना चालू असताना बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायचा.

त्याच रस्त्यावर थोडं पुढे बॅप्टिस्टांचं, म्हणजे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाचं, चॅपल होतं. तिथे पाच जण. त्यांचा पाळक सोडून गेला होता आणि नवा कोणी मिळत नव्हता.

कल्पना रेखाची, म्हणजे शमुवेलांच्या बायकोची. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "अहो, त्यांच्याकडे पाळक नाही, आपल्याकडे छप्पर नाही. एकत्र का बसत नाही तुम्ही?"

शमुवेलांना हे इतकं सरळ वाटलं की आपल्याला आधी का सुचलं नाही, याचीच त्यांना लाज वाटली.

त्यांच्या आजोळच्या गावात ओढ्याच्या अलीकडचे ख्रिस्ती एका मिशनचे होते आणि पलीकडचे दुसऱ्या. गोऱ्या साहेबांनी आपसात गावं वाटून घेतली होती. साहेब गेले तरी अलीकडचे लोक पलीकडच्या देवळात प्रभुभोजन घेत नसत. लहानपणी शमुवेलांना वाटायचं, ज्यांनी हे भांडण आपल्याकडे पाठवलं त्यांच्या घरी तरी ते केव्हाच मिटलं असेल.

मेथडिस्टांचे कारभारी होते आर्थर, चौऱ्याऐंशी वर्षांचे, शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. बॅप्टिस्टांचं सगळं बघायच्या त्या मॉरीन, आर्थरची धाकटी बहीण. बॅप्टिस्ट लहानपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत, म्हणून लग्न बॅप्टिस्टाशी झालं तेव्हा त्यांनी पाण्यात पूर्ण बुडून नव्याने बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून दोघं भावंडं रविवारचं जेवण एका टेबलावर जेवत, पण उपासनेला एका बाकावर कधी बसली नव्हती. शमुवेलांना वाटलं, ही दोघं शेजारी बसली की बाकीचे आपोआप बसतील.

मार्चमध्ये एका शनिवारी बॅप्टिस्टांच्या मागच्या हॉलमध्ये बैठक झाली. चहा झाला, बिस्किटं झाली. गाण्यांची पुस्तकं दोन्ही ठेवायची ठरलं. फुलं आळीपाळीने आणायची ठरलं. आर्थर तर एकदा हसलेसुद्धा. मग शमुवेलांनी बाप्तिस्म्याचा मुद्दा काढला. लहानपणी झालेला आणि मोठेपणी घेतलेला, दोन्ही मान्य करावेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मॉरीननी कप खाली ठेवला. "आर्थर, तू बाप्तिस्मा घेतलास तर माझी हरकत नाही."

"माझा झालाय. मी आईच्या कडेवर होतो."

"तुला आठवतो?"

"आईला आठवत होता. देवाला आठवत असेल."

"पण तुला कोणी विचारलं होतं का?" मॉरीन म्हणाल्या. "ज्याला विचारलंच नाही त्याचा विश्वास कसला?"

शमुवेल मध्ये पडले. "जरा ऐका माझं. आपल्यात एकही बाळ नाही. या गावात कुठल्याही चॅपलमध्ये बाळाला पाणी लावून किती वर्षं झाली? ज्या बाळावरून आपण भांडतोय ते आहे कुठे?"

कोणी हसलं नाही. मॉरीन त्यांच्याशी फार मायेने बोलल्या, लहान मुलाची समजूत काढावी तशा. "रेव्हरंड, प्रश्न बाळाचा नाही. खरं काय, याचा आहे. यासाठी माणसं मेलीत. पाचशे वर्षांपूर्वी झुरिकमध्ये मोठेपणी बाप्तिस्मा घेतला म्हणून आमच्या लोकांना नदीत बुडवून मारलं, ठाऊक आहे ना? आणि बुडवणारे रोमचे कॅथलिक नव्हते. तेही प्रोटेस्टंटच होते."

"मेथडिस्ट तेव्हा जन्मलेही नव्हते," आर्थर म्हणाले.

"बाळांना पाणी लावणारे जन्मले होते."

हात वर करायला सांगितले तेव्हा बॅप्टिस्टांतला एकही हात वर गेला नाही. शमुवेलांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. दोन हात वर होते. आर्थरचे दोन्ही हात काठीवर होते.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. आर्थरना घरी सोडताना शमुवेलांनी गाडी थांबवली आणि विचारलं, "तुम्हीसुद्धा?"

"मी मुलांना चाळीस वर्षं हेच शिकवलं," आर्थर म्हणाले. "एका जर्मन संन्याशाने म्हटलं, बायबल स्वतः वाचा. लोकांनी वाचलं. जर्मनी, स्वित्झर्लंड, स्कॉटलंड, मग आम्ही, मग जहाजं भरून तुमच्याकडे. आणि जिथे जिथे गेलं तिथे कोणीतरी वाचून म्हणालं, शेजाऱ्याने चुकीचं वाचलंय. आमचा धर्म असाच पसरला, रेव्हरंड. एकत्र येऊन पसरला नाही." दार उघडताना ते म्हणाले, "खोटं बोलून मॉरीनच्या शेजारी बसलो तर तिलाच माझी किंमत राहणार नाही."

रात्री लंडनजवळच्या क्रॉयडनहून मुलीचा, तनूचा फोन आला. ती इंग्लंडातच लहानाची मोठी झालेली, तिथे वकिलाकडे नोकरीला. "पप्पा, तो मीटिंग कसा झाला?"

शमुवेलांनी सांगितलं.

"सो सॅड," ती म्हणाली. "पण पप्पा, डोन्ट माइंड हं. तुम्हीच मला शिकवलं ना, देव आणि माणूस, मध्ये कोणी नाही लागत. पोप नाही, प्रीस्ट नाही. मग मला वाटला, चर्च पण नाही लागत. नंतर वाटला..."

"काय वाटलं?"

"काही नाही. मम्मीला फोन द्या."

काय ते त्यांना कळलं होतं: देवही नाही लागत. ती चर्चला जात नाही हे माहीत होतं. पण ही वाट आपणच दाखवली, हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

उन्हाळ्यात दोन्ही चॅपलं बंद झाली. मेथडिस्टांच्या चॅपलचे फ्लॅट होणार होते. शेवटच्या उपासनेला शमुवेलांनी उपदेश केला नाही. नुसतं शास्त्र वाचलं आणि बसले. सहाही जण बराच वेळ उठले नाहीत. मग कोणाची तरी बस यायची होती म्हणून उठले.

ऑक्टोबरमध्ये आर्थर गेले. न्यूमोनिया झाला आणि आठवडाभरात सगळं संपलं. अंत्यविधी स्मशानगृहाच्या चॅपलमध्ये झाला. ते कुठल्याच पंथाचं नव्हतं. भिंतीवरचा क्रूस हवा असेल तर लावायचा, नको असेल तर काढायचा. मॉरीन पहिल्या रांगेत एकट्या बसल्या. गाणं स्पीकरवर लागलं, तोंड हलवणारे तीन-चारच होते.

बाहेर आल्यावर मॉरीननी शमुवेलांचा हात धरला. डोळे कोरडे होते.

"तुम्हाला आमचा राग आला असेल," त्या म्हणाल्या. "पण तो शेवटपर्यंत आपल्या मतावर राहिला. मला त्याचा अभिमान वाटतो."

"तुम्हाला ते कधी शेजारी हवेसे वाटले नाहीत?"

मॉरीननी हात सोडवून घेतला. "दर रविवारी," त्या म्हणाल्या आणि टॅक्सीकडे चालू लागल्या.

शमुवेलांना निवृत्ती घ्यायला सुचवण्यात आलं आणि त्यांनी घेतली. पुढच्या रविवारी ते सवयीने उठले, दाढी केली, पाळकाची पांढरी गळपट्टी हातात घेतली आणि पलंगाच्या काठावर बसून राहिले. रेखा आत आली. ती शेजारी बसली.

"घरीच प्रार्थना करू या," ती म्हणाली.

"तू कर."

तिने मराठीत केली. आर्थरसाठी, मॉरीनसाठी, तनूसाठी. शमुवेलांनी डोळे मिटले होते. शब्द ओळखीचे होते, पण ते कोणाला उद्देशून आहेत हे त्यांना जाणवत नव्हतं. त्यांनी वाट पाहिली. खाली रस्त्यावरून एक बस गेली.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा रेखा थांबली होती. त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

तिला बरं वाटावं म्हणून ते "आमेन" म्हणाले.