सदरहू गाय

शहापूरच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून महिपत पडवळाने चौदा वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. कोणाची म्हैस हरवो, कोणाचा बांध सरको, माणूस आधी महिपतकडे यायचा. तो सगळं ऐकून घ्यायचा, टाक दौतीत बुडवायचा आणि 'मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे हुजुरास' इथून सुरुवात करायचा. अक्षर असं देखणं, की कारकून मजकूर न वाचता नुसता बघत बसत.

१९३८च्या दिवाळीआधी धोंडीबाई आली. शेजाऱ्याच्या रेड्याने तिची नाचणी खाल्ली होती. अर्ज लिहून झाला, तशी अंगठा द्यायच्या आधी ती म्हणाली, "वाचून दाव."

महिपतने खणखणीत आवाजात वाचलं, "सदरहू जनावराने मजकूर पिकाची नासधूस केली असून अर्जदार बाई अत्यंत हवालदिल झालेली आहे..."

"ह्यो कोनाचा अर्ज?"

"तुझाच, मावशी."

"नाय रे. मी रेडा बोलले, नाचनी बोलले, रेड्यामागं धावताना पडले ता बोलले. यात मी कुठं हाय?"

"अर्जदार म्हणजे तूच की!"

"मी धोंडी," असं म्हणून तिने अंगठा असा रागाने दाबला, की शाई कागदभर पसरली.

महिपतच्या मनाला ते लागलं. घरी बायकोला, सुंदराला, त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिचं काय चुकलं? परवा मला काय म्हणालात? सदरहू आमटी अळणी आहे!"

तरुणपणी महिपत सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाला होता. मास्तर व्हायचं मनात होतं, ते राहूनच गेलं होतं. डोळखांबच्या पलीकडे एका पाड्यावर लोकलबोर्डाची शाळा होती आणि तिथे जायला कोणी तयार नव्हतं. त्याने ठरवलं, तिथे जायचं आणि पोरांना असं लिहायला शिकवायचं, की कोणाला अर्ज लिहून घ्यायची गरजच पडू नये.

"म्हणजे आपणच आपला धंदा बुडवायचा?" सुंदराने विचारलं.

"हो."

"विचार करून म्हणताय ना? मग भांडी बांधते."

त्याने बोर्डाला चार पानी अर्ज केला. बोर्डाने त्यातली शेवटची ओळ तेवढी वाचली. तिथे लिहिलं होतं, डोळखांबकडे जाण्यास अर्जदाराची हरकत नाही.

शाळा म्हणजे एक पडवी, एक फळा आणि एकोणीस पोरं. पोरांची बोली घरची. महिपतने पुस्तकी भाषा शिकवायला घेतली, पण त्याच्यापाशी एकच पुस्तकी भाषा होती, ती कचेरीतली. पोरांना मात्र ती भलतीच आवडली. महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या.

"गुरजी, सदरहू लखमाने माजी पाटी जप्त केली!"

"आरोप नाकबूल!" लखमा ओरडायचा. महिपत अगदी फुलून जायचा.

एक दिवस मंगळीचा बाप, बुधू, कमरेला कोयता तसाच ठेवून आणि हात जोडून पडवीत उभा राहिला. "गुरजी, माजी पोर मला जाबदार बोलते. मी काय केला?"

नऊ वर्षांची मंगळी म्हणाली, "तक्रार ज्याच्यावर तो जाबदार. जाबदाराने करवंदं आणतो असे सांगून आणलेली नाहीत."

"आनतो ना गो. पन कचेरीत नको सांगू."

पोरं खदाखदा हसली. महिपतही हसायला लागला आणि मधेच थांबला. बुधू खरंच घाबरला होता. असं तोंड महिपतने मामलेदाराच्या दाराशी रोज पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात शाळा तपासणारे डिपोटीसाहेब आले. ओढा ओलांडल्यामुळे बूट हातात होते. त्यांनी गाईवर निबंध सांगितला. मंगळीने उभं राहून वाचला, "गाय नामे कपिली, वय अदमासे सात वर्षे, धंदा दूध देणे, राहणार बुधूचा गोठा. सदरहू गाय चारपायी असून तिजविरुद्ध पूर्वीची तक्रार नाही."

साहेबांच्या हातातला बूट खाली पडला. हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत ते म्हणाले, "बाळ, पण गाय आहे कशी?"

मंगळीने महिपतकडे पाहिलं. त्याचे कान तापले होते. "सांग गो," तो म्हणाला, "घरी सांगतेस तसं."

"बांडी हाय, आंगावर पांढरे पट्टे. एक शिंग वाकडा. बापूस दूद काढाया बसला का लाथ मारते. मंग आयस तिच्या कानात काय तरी बोलते, तवा उभी रेते. काय बोलते, ता आयस सांगं नाय."

महिपतने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'सदर'. लगेच बाहीने पुसून त्याने पुन्हा सुरुवात केली. "पुढं काय, मंगळे?" ती सांगत गेली, तो लिहीत गेला. एका बाजूला पोरांचं 'वाकडा', शेजारी पुस्तकातलं 'वाकडं'. लिहिताना त्याच्या दोन चुका झाल्या आणि त्या एकोणीस पोरांनी आरडाओरडा करून दाखवल्या.

साहेबांनी शेरा लिहिला, 'शिक्षक शिकत आहेत.' महिपत दोन दिवस रुसून होता. फळा मात्र त्याने पुसू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी बुधू आला. आपल्याला बसलेली लाथ फळ्यावर लिहिली आहे, असं त्याच्या कानावर आलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं. "कुठं हाय ती?"

महिपतने बोट ठेवून दाखवलं. बुधूने जवळ जाऊन ती अक्षरं नीट न्याहाळली.

"लय बारीक लिवली, गुरजी. चांगली जोरात बसली व्हती."

महिपतने ती पुसली आणि मोठी लिहिली.